सुट्टीचे ३६ तास आणि एक मेमरी कार्ड

"सर, तुमच्या डब्यात परत १९७० साल आलंय बघा."

अण्णांचा फोन, सकाळी सव्वासात. मागं यंत्रमागांचा खडखडाट इतका की निम्मं ऐकूच येत नव्हतं, पण १९७० ऐकलं आणि कळलं काय झालंय ते. बॉक्सची बॅटरी रात्रीत पूर्ण संपली, घड्याळ शून्यावर आलं, सकाळी मेन स्विच वर गेल्यावर बॉक्स नव्याने चालू झाला आणि त्याच्या दृष्टीने आज १ जानेवारी १९७०. हा तिसरा फोन होता, आणि आधीचे दोन्हीही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आलेले. तेव्हा मी सेल खराब असेल म्हणून सेल बदलून आलो होतो, ते चुकलं, आधी करंट मोजायला पाहिजे होता.

सांगतो काय आहे ते. सोलापूरच्या पूर्व भागात अण्णांचा टॉवेलचा कारखाना, १२ माग, प्रत्येक मागावर मी केलेला एक छोटा बॉक्स. धोट्याचे, म्हणजे आडवा धागा इकडनं तिकडं नेणाऱ्या तुकड्याचे, फेरे मोजतो, माग किती वेळ बंद होता ते लिहून ठेवतो, सगळं मेमरी कार्डावर. आत एक साधा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि लाईट गेली तर म्हणून २२०० मिलीअँपिअर-अवरचा एक सेल. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ७ ला अण्णा मेन स्विच खाली घेतात आणि परवा सकाळी ७ ला वर. म्हणजे ३६ तास. तेवढं त्या सेलने तगायला पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्या दिवशी एक बॉक्स काढून घरी आणला, सेलच्या वायरीत मीटर टाकला. सरासरी ७० मिलीअँपिअर. २२०० भागिले ७० म्हणजे ३१ तास. बास, हिशोब तिथंच लागला, पहाटे दोनच्या सुमारास बॉक्स मरणार आणि दर सुट्टीला तसंच होणार. आता प्रश्न असा की काहीच काम नसताना ७० जातात कुठं. प्रोसेसर मी तपासून झोपवलेला, वायफाय नाहीच, मग उरलं काय, तर कार्ड आणि त्याचा कंट्रोलर. पुढचे जवळजवळ दोन महिने मी मेमरी कार्डच्या कंट्रोलर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे लिनक्समधला जो कोड तो कंट्रोलर चालवतो त्यात, पॉवर मॅनेजमेंट कसं चालतं हेच शिकत होतो, आणि मराठीत ह्यावर कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला लागते की इथं झोपणारे दोघे आहेत. एक कंट्रोलर, म्हणजे चिपमधला तो भाग जो कार्डाशी बोलतो. दुसरं कार्ड स्वतः, त्याच्याही पोटात एक छोटा प्रोसेसर असतो आणि तो स्वतःच्या मनाने फ्लॅश आवरत बसतो. लिनक्समध्ये एमएमसी कोर म्हणून एक मधला थर आहे तो दोघांनाही सांभाळतो, आणि खाली प्रत्येक चिपचा आपला ड्रायव्हर. बऱ्याच चिपमधला कंट्रोलर एसडीएचसीआय ह्या ठरलेल्या नमुन्याचा असतो, त्यामुळे त्याचा सामाईक कोड एकाच फाइलमध्ये आहे, तिच्या डोक्यावर २००५ ते २००८ अशी सालं आणि पिएर ऑसमन हे नाव दिसतं, आणि चिप बनवणारे त्यावर आपापलं थोडं थोडं जोडतात. माझ्या सगळ्या अडचणी त्या जोडलेल्या थोड्या थोड्यामध्ये निघाल्या.

कंट्रोलरची झोप हलकी असते. काम संपलं की साधारण ५० मिलीसेकंद वाट बघायची आणि त्याचं क्लॉक, म्हणजे ज्या ठोक्यावर तो चालतो ते, बंद करायचं, बऱ्याच ड्रायव्हरमध्ये हाच ५० चा आकडा आहे. ह्यात कार्डाला काही कळतसुद्धा नाही, त्याची वीज चालूच असते, फक्त त्याला क्लॉक मिळत नाही. कार्डाची झोप मात्र खोल, तिथं वीजच तोडायची. कार्ड ३ सेकंद नुसतं पडून राहिलं की कोर ते बंद करू शकतो, पण ड्रायव्हरने अॅग्रेसिव्ह पीएम नावाचा झेंडा लावला असेल तरच, नाहीतर सिस्टिम सस्पेंड होईपर्यंत, म्हणजे अख्खा बोर्ड झोपेपर्यंत, कार्ड जागंच.

माझ्या ड्रायव्हरमध्ये तो झेंडा लावलेला होता. मी दहा वेळा बघितलं. तरी कार्डाची वीज तुटतच नव्हती.

रात्री जेवण झाल्यावर स्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेष दाखवणारं यंत्र, लावून बसलो तर काय दिसलं, दर एका सेकंदाला कमांडच्या लाईनवर एक छोटीशी हालचाल. बरोब्बर एक सेकंद. मग डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलंय ते लिनक्सला सांगणारी फाइल, उघडली आणि तिथं ब्रोकन-सीडी असं लिहिलेलं. ह्याचा अर्थ असा की कार्ड आत आहे की नाही हे सांगणारा स्विच ह्या बोर्डावर भरवशाचा नाही, तर बाबा तूच दर सेकंदाला विचारत जा. कोर प्रामाणिकपणे दर सेकंदाला उठतो, कंट्रोलरला उठवतो, कार्डाला स्टेटस विचारतो, कार्ड म्हणतं आहे मी, सगळे परत झोपायला जातात. पण नियम काय, तर ३ सेकंद शांतता झाली की कार्ड बंद करायचं, आणि इथं दर सेकंदाला हाक मारली जातेय, तर ते ३ सेकंद कधी भरणार? कधीच नाही. अख्खी सुट्टी कार्ड जागं आणि त्याच्यामुळे चिपसुद्धा खोल झोपेत जाईना.

ही ओळ टाकली कुणी? बोर्ड बनवणाऱ्यांच्या नमुन्याच्या फाइलमधनं तशीच आलेली, मी न वाचता घेतलेली.

मग पहिला विचार, स्विच वापरूया ना. सॉकेटमध्ये स्विच होता, त्याची पिन जीपीआयओला, म्हणजे चिपच्या साध्या चालू-बंद वाचणाऱ्या पिनेला, जोडली, सीडी-जीपीआयओ लिहिलं, घरी टेबलावर एकदम मस्त चाललं. कारखान्यात नेलं आणि तासाभरात लॉग भरला, कार्ड काढलं, कार्ड घातलं, कार्ड काढलं. कुणी हातच लावलेला नाही. माग चालू असताना त्या शेडमध्ये उभं राहिलात तर दातसुद्धा हलतात, मग तो पत्र्याचा एवढासा स्विच कशाला स्थिर राहतोय. शेवटी विचार केला की हे कार्ड झाकणाच्या आत आहे, चार स्क्रू काढल्याशिवाय कुणी ते काढूच शकत नाही, मग ते काढता येतं असं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचंच कशाला. डिव्हाइस ट्रीत नॉन-रिमूव्हेबल लिहिलं, स्विचही नको आणि दर सेकंदाची हाकही नको. करंट ७० वरून ४३ वर. एका शब्दामुळे.

इथं एक शंका मित्राने काढली आणि ती बरोबर होती. तो विजापूर रोडला राहतो, रात्री चहाला आला होता, म्हणाला, "आणि झोपेत असताना कुणी कार्ड बदललं तर काय करालास बे?" तर कोर त्याची काळजी घेतो. कार्डाला वीज परत दिली की आधी त्याचा सीआयडी वाचतो, म्हणजे प्रत्येक कार्डाचा कारखान्यातनं आलेला ओळखक्रमांक, आणि तो आधीच्याशी जुळला नाही तर हे ते कार्डच नव्हे म्हणून सोडून देतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण वरची फाइलसिस्टिम तर जुन्या कार्डाचे हिशोब मेमरीत धरून बसलेली असते, ते हिशोब दुसऱ्याच कार्डावर लिहिले गेले तर त्या कार्डावरचं सगळं गेलं म्हणून समजा.

४३ ने भागलं असतं खरं तर, २२०० भागिले ४३ म्हणजे ५१ तास. पण सेल जुना होईल तसा कमजोर होतो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे काय होतं सेलांचं ते सांगायला नको, त्यामुळे मला १५ च्या खाली जायचं होतं. त्यासाठी सिस्टिम सस्पेंड, म्हणजे अख्खा बोर्डच झोपवायचा, फक्त रॅम जिवंत, आणि तासातनं एकदा उठून बॅटरीचं व्होल्टेज कार्डावर लिहून परत झोपायचं.

कार्डाची वीज तोडायची म्हटल्यावर आधी ते मोकळं आहे का बघायला लागतं. हे मला अण्णांच्या जॉबरमामांनी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मामांनी, न सांगता शिकवलं होतं. माग बंद करताना ते नुसतं हँडल ओढत नाहीत, धोटा पेटीत आला की मगच थांबवतात. धोटा मध्येच ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकला आणि परत माग फिरवला की ताण्याचे शेकडो धागे तुटतात, मग अर्धा दिवस गाठी मारत बसायचं. कार्डाचं तंतोतंत तसंच. आपण डेटा दिला, कार्डाने घेतला, म्हणजे लिहून झालं असं नाही. आत लिहीत असताना ते डेटाची पहिली लाईन, डॅट झिरो, खाली ओढून धरतं, म्हणजे मी कामात आहे. ती लाईन वर यायची वाट बघायची, मग कार्डाला डीसिलेक्ट करायचं आणि मगच वीज तोडायची. कोर हे करतो, नव्या एसडी कार्डांना तर वीज जाणारे अशी आधी सूचनाही देता येते आणि लिनक्समध्ये त्याची सोय २०२१ मध्ये आली. पण नवी पेठेतनं आपण जी कार्डं आणतो त्यातली बरीच ही सूचना समजणारी नसतात, त्यामुळे मी आपला माझ्या प्रोग्राममध्येही लिहून झाल्यावर सिंक करतो, म्हणजे मेमरीत राहिलेलं सगळं कार्डावर उतरवतो, आणि मगच सस्पेंड म्हणतो.

तर सस्पेंड चालू केलं. झोपला छान. उठला, कार्ड आलं. परत झोपला, उठला, आलं. मी खूश. मग स्क्रिप्ट लावून रात्रभर दर मिनिटाला झोप-ऊठ करायला ठेवला आणि सकाळी बघतो तर विसातनं एकदा वगैरे कार्ड परत येतच नव्हतं. लॉगमध्ये उणे ११०, म्हणजे टाइमआउट, आणि त्याच्या आधी एक ओळ की सिग्नल व्होल्टेज स्विच फेल झालं, कार्डाची पॉवर सायकल करतोय. आणि पॉवर सायकल करूनही तेच. नवी पेठेतनं चार वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं आणून लावली, दोन कंपन्यांची कधीच अडखळली नाहीत, दोन अडखळत होती. अशा वेळी कार्ड डुप्लिकेट आहे म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ड्रायव्हरवाल्याने तसं म्हणायचं नसतं असं मला मनापासून वाटतं. चारातली दोन अडखळतात म्हणजे आपण काहीतरी काठावर चालवतोय.

व्होल्टेजची भानगड अशी आहे. कार्डाला दोन तऱ्हेची वीज लागते, एक त्याच्या पोटाला, ३.३ व्होल्ट, ड्रायव्हरच्या भाषेत व्हीएमएमसी, आणि दुसरी सिग्नलच्या लाईनींची पातळी, ती व्हीक्यूएमएमसी. सुरुवातीला सिग्नलही ३.३ वर आणि क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या आत, सगळं हळूहळू, ओळख होईपर्यंत. मग कार्ड फास्ट असेल तर कमांड ११ देऊन सिग्नल १.८ व्होल्टवर उतरवायचे आणि मग वेग वाढवायचा, एसडीआर १०४ मध्ये २०८ मेगाहर्ट्झपर्यंत. पण ही वाट एकेरी आहे! १.८ वर गेलेल्या कार्डाला परत ३.३ वर ये असं सांगणारी कमांडच नाही. एकच उपाय, वीज पूर्ण तोडा. आणि पूर्ण म्हणजे किती ते स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय, कार्डाची वीज ०.५ व्होल्टच्या खाली जाऊन किमान १ मिलीसेकंद राहिली पाहिजे.

आता मी ड्रायव्हरमध्ये बघतोय, रेग्युलेटर, म्हणजे माझ्या बोर्डावर कार्डाची वीज चालू-बंद करणारा लोड स्विच, बंद होतोय, कोर १ मिलीसेकंद थांबतोही, कोडमध्ये सगळं जिथल्या तिथं. त्याच ठिकाणी कोडमध्ये एक टीप आहे की ओएलपीसीच्या एक्सओ-१.५ लॅपटॉपमधल्या वायफाय कार्डाला बंद केल्यावर थोडं थांबल्याशिवाय परत चालू करता येत नाही. ती वाचली आणि डोक्यात उजेड पडला. स्कोप उचलला आणि पहिल्यांदा सॉकेटच्या वीजेच्या पिनवरच लावला, रेग्युलेटरच्या आधी नाही, अगदी कार्डाच्या पिनवर.

रेग्युलेटर बंद. ३.३ वरून रेष खाली आली, आली, आणि १.३ व्होल्टवर येऊन थांबली. शून्यावर गेलीच नाही.

वीज येत होती सिग्नलच्या लाईनींतनं. कमांडची एक आणि डेटाच्या चार अशा पाच लाईनी, प्रत्येकीवर १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे लाईन वर धरून ठेवणारा रेझिस्टर, आणि बोर्ड आखताना मी ते पाचही पुल-अप कायम चालू असणाऱ्या ३.३ च्या रेलला बांधलेले. पाच समांतर म्हणजे २ किलोओहम. कार्डाची मुख्य वीज गेली तरी ह्या पाच चोरवाटांनी, पिनांच्या आतल्या संरक्षक डायोडमधनं, करंट आत शिरत होता. करंट म्हणाल तर कमाल दीड-पावणेदोन मिलीअँपिअर, बॅटरीच्या हिशोबात काहीच नाही, पण तेवढ्यावर कार्डाच्या आतलं लॉजिक अर्धवट जिवंत राहतं, आणि अर्धवट जिवंत कार्डाला आपण १.८ वर होतो हे आठवत असतं. कंट्रोलर नव्याने ३.३ वर बोलायला सुरुवात करतो, कार्ड अजून १.८ मध्ये. कुठल्या कंपनीचं कार्ड किती व्होल्टला विसरतं ते वेगवेगळं, म्हणून दोन चालली आणि दोन अडखळली.

पहिला उपाय मी केला तो म्हणजे कार्डाच्या वीजेवर १ किलोओहमचा रेझिस्टर जमिनीला, साचलेलं वाहून जाऊ दे म्हणून. रेष १ च्या आसपास येऊन परत थांबली. मग कागदावर मांडलं, जे आधी मांडायला पाहिजे होतं, वर २ किलोओहम खाली १ किलोओहम, ३.३ चा तिसरा हिस्सा म्हणजे १.१, डायोडवर थोडे गेले तरी १ च्या आसपासच येणार ना. म्हणजे नुसतं खालनं सोडून उपयोग नाही, वरनं येणारं थांबवलं पाहिजे. तर पाचही पुल-अपना वीज देणारा ट्रॅक ब्लेडने कापला आणि एका बारीक वायरने तो कार्डाच्याच रेलला जोडला, म्हणजे कार्ड बंद तर पुल-अपही बंद. माझ्या बोर्डावर सिग्नलची पातळी चिपच्या आतच बदलते आणि ह्या पुल-अपशिवाय चिपचे स्वतःचेही आहेत, ते वेगळे बंद करायला लागले, पिनकंट्रोलमध्ये, म्हणजे चिपच्या पिना कशा वागतील ते ठरवतात तिथं, स्लीप नावाची एक वेगळी अवस्था लिहायची, त्यात पुल काढून टाकायचे आणि ड्रायव्हरच्या सस्पेंडमध्ये ती निवडायची, रिझ्यूममध्ये आधी जुनी अवस्था परत आणायची आणि मगच कार्डाला वीज द्यायची. हा क्रम उलटा झाला तर परत तेच.

वाहून जायला वेळही द्यायला लागतो. कार्डाजवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १ किलोओहमने तो ०.५ च्या खाली यायला साधारण १९-२० मिलीसेकंद, आणि कोर थांबतो १-२ मिलीसेकंद. कोरची काही चूक नाही, त्याला माझा कपॅसिटर कसा माहीत असणार. फिक्स्ड रेग्युलेटरच्या नोंदीत ऑफ-ऑन-डिले म्हणून एक सोय आहे, बंद केल्यावर परत चालू करण्याआधी किमान इतका वेळ जाऊ दे, तिथं ५० मिलीसेकंद लिहिले. तो १ किलोओहम कार्ड चालू असताना ३.३ मिलीअँपिअर फुकट खातो हे खरं, पण सुट्टीत कार्ड चालू असतं तासाला जेमतेम दोन-चार सेकंद, त्यामुळे चालून जातं. पुढच्या बोर्डात मी असा लोड स्विच घेतोय जो बंद झाल्यावर स्वतःच खालचं वाहून टाकतो.

रात्रभर स्क्रिप्ट. सकाळी सहाला आईने उठायच्या आत उठून बघितलं, चारही कंपन्यांची कार्डं, एकदाही उणे ११० नाही. अख्ख्या बोर्डाचा झोपेतला करंट १४ मिलीअँपिअर. ३६ तासांना ५०४. शेंगा चटणी आणि कडक भाकरी खात खात मी तो ग्राफ किती वेळ बघत बसलो होतो.

मग मे आला. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४४-४५ आणि बॉक्सच्या आत माझ्या सेन्सरवर ६१. रोज दुपारी साधारण एक ते चार ह्या वेळात लॉगमध्ये उणे ८४, म्हणजे सीआरसी चुकला, आलेला डेटा आणि त्याची बेरीज जुळली नाही. सकाळी नाही, रात्री नाही. २०८ मेगाहर्ट्झला एक बिट पाच नॅनोसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो, त्यातल्या नेमक्या कुठल्या क्षणी तो वाचायचा हे कंट्रोलरला शोधून काढायला लागतं, त्याला ट्यूनिंग म्हणतात, कमांड १९ देऊन कार्डाकडनं एक ठरलेला नमुना मागवायचा आणि कुठल्या उशिराला तो बरोबर वाचला जातो ते बघायचं. हा योग्य क्षण तापमानाबरोबर सरकतो. दिवसा मेन लाईट असल्यामुळे मी कार्ड बंद होऊ देत नाही, फक्त कंट्रोलर ५० मिलीसेकंदांनी झोपतो. एसडीएचसीआयचे बरेच ड्रायव्हर अशा झोपेनंतर नव्याने ट्यूनिंग लागेल अशी खूण करून ठेवतात. पण माझ्या चिपवाल्यांच्या ड्रायव्हरने काय केलेलं, झोपताना आधीचा आकडा एका जागी लिहून ठेवायचा, उठल्यावर तोच परत भरायचा आणि ती खूण पुसून टाकायची. वेळ वाचावा म्हणून. सकाळी सातला गारव्यात काढलेला आकडा दुपारी दोनला ६१ अंशात. कोर सीआरसी चुकल्याचं बघून स्वतःच ट्यूनिंग परत मागतो म्हणून डेटा एकही गेला नाही, नाहीतर अण्णांना काय तोंड दाखवलं असतं. मी ते आकडा साठवायचं काढूनच टाकलं. एसी लावलेल्या लॅबमध्ये ही चूक वर्षभर दिसणार नाही, सोलापूरच्या उन्हात एका आठवड्यात दिसली.

एक छोटी पण भीतीदायक गोष्ट. त्याच ड्रायव्हरमध्ये कंट्रोलरची अवस्था बघायला एक सिसएफएसची, म्हणजे कर्नलमधली माहिती बाहेरनं वाचायची, फाइल दिलेली होती, ती वाचली की कधी कधी अख्खा बोर्ड जागच्या जागी गोठायचा, एक अक्षरही न छापता. कारण ती थेट कंट्रोलरचं रजिस्टर, म्हणजे त्याच्या आतली नोंदीची जागा, वाचायची, आणि कंट्रोलर झोपला असेल तर त्याचं क्लॉकच बंद, मग रजिस्टरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीच येत नाही आणि प्रोसेसर वाट बघत अडकतो. कोरमधनं येणारी सगळी कामं आधी होस्ट क्लेम करतात, म्हणजे कंट्रोलर ताब्यात घेतात, आणि त्यात कंट्रोलर जागा होतो, ही फाइल मागच्या दाराने शिरत होती. रजिस्टरला हात लावायच्या आधी पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट म्हणून त्याला उठवायचं, झाल्यावर पुट म्हणून सोडायचं, आणि रिझ्यूम फेल झालं तर रजिस्टरकडे बघायचंसुद्धा नाही. जुनं गेट सिंक आहे ते फेल झालं तरी वापरणाऱ्यांची मोजणी एकने वाढवून ठेवतं, मग कंट्रोलर कधी झोपतच नाही, ते वेगळं दुखणं.

शेवटची अडचण सगळ्यात उशिरा कळली कारण ती झोपेत नव्हतीच, ती रीबूटमध्ये होती. वॉचडॉगने, म्हणजे बोर्ड अडकला तर तो नव्याने चालू करणाऱ्या टायमरने, बोर्ड रीसेट केला की चिप नव्याने सुरू होते, पण कार्डाची वीज तोडायला कुणीच नसतं, लोड स्विच आपला चालूच. कार्ड १.८ वर. बूटलोडरला, म्हणजे कर्नल चालू करून देणाऱ्या पहिल्या प्रोग्रामला, ह्यातलं काही माहीत नाही, तो ३.३ वर कार्डातनं कर्नल उचलायला जातो आणि थांबतो. प्लग काढून लावला की चालतं, रीबूट केला की चालत नाही, असं कुणी सांगितलं तर पहिल्यांदा हेच बघा. इथं ड्रायव्हर काही करू शकत नाही, कारण वॉचडॉग वाजतो तेव्हा ड्रायव्हर जिवंतच नसतो. लोड स्विचची चालू-बंदची पिन रीसेटच्या लाईनला अशी जोडली की रीसेट खाली गेला की कार्डाची वीजही जाते, आणि रीसेट किमान ५० मिलीसेकंद खाली राहील एवढा त्याचा कपॅसिटर वाढवला.

बारा बॉक्स, प्रत्येकात एक ट्रॅक कापायचा, दोन वायरी, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. मागच्या सुट्टीत अण्णांनी कारखाना उघडून दिला, मेन बंद, टेबल फॅनसुद्धा नाही, मी बॅटरीवरच्या सोल्डरिंग आयर्नवर एकेक करत गेलो आणि जॉबरमामा टॉर्च धरून उभे. सातव्या बॉक्सला त्यांनी विचारलं, ही वायर कशाची. म्हटलं मामा, आधी बंद केलं तरी चोरून वीज यायची, ती तोडली. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मग बाकीच्या पाचात बी आजच करून टाका की."

परवा सकाळी सव्वासातला मीच फोन केला. अण्णा म्हणाले थांबा बघतो, मग मागांच्या आवाजात लांबनं ओरडून त्यांनी एकेका बॉक्सची तारीख वाचून दाखवली, बाराच्या बारा.